मातीविना हिरवा चारा : यंत्राआधी तराजू

ताईंनो, नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरतो, त्यात मूठभर धान्य टाकतो, वर पाणी शिंपडतो. तीन-चार दिवसांत कोंब येतात आणि नवव्या दिवशी वीतभर रोपं डोलायला लागतात. त्यांना आपण ना खत दिलेलं असतं, ना नांगरट केलेली असते. मग ती वाढली कशावर? दाण्याच्या पोटात जो साठा असतो, त्याच्यावर. फडक्यात बांधून मटकीला मोड आणतो तेव्हाही हेच घडतं.

हायड्रोपोनिक चारा म्हणजे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करायची. माती अजिबात नाही. मका भिजवायचा, मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा, वरून पाण्याचा फवारा देत राहायचा. सात-आठ दिवसांत ट्रेमध्ये हिरवागार गालिचा तयार होतो. मूळ, दाणा, पान, सगळंच जनावर खातं.

उन्हाळा जवळ आला की या चाऱ्याची चर्चा सुरू होते. जाहिरातीचे कागद फिरतात, मोबाईलवर व्हिडिओ येतात. ‘एका किलोचे दहा किलो! जमीन नको, मशागत नको!’ मग गटाच्या बैठकीत यंत्रासाठी कर्जाची मागणी येते. कर्ज एकीच्या नावावर असलं तरी पैसा सगळ्यांच्या बचतीचा असतो. म्हणून हा चारा काय देतो, काय देत नाही, घरच्या घरी कसा करायचा आणि कर्जाचा विचार कधी करायचा, हे आपण नीट समजून घेऊ.

एक वाटी तांदूळ, तीन वाट्या भात

आधी दहा किलोचं बघू. एक वाटी तांदूळ शिजवला की तीन वाट्या भात होतो. म्हणून घरातलं धान्य तिप्पट झालं असं आपण म्हणतो का? नाही. वाढलं ते पाणी. चाऱ्याचंही तसंच आहे.

जुने गोवे इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या हायड्रोपोनिक चाऱ्यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या नोंदीत १ किलो मक्यापासून ७ दिवसांत साडेपाच किलोच्या आसपास चारा मिळाला. घरगुती मांडणीत ४ ते ५ किलो मिळाला तरी चांगलं समजा. दहा किलो कोणी सांगत असेल तर एकतर ते पाणी निथळायच्या आधीचं वजन असेल, नाहीतर नुसती थाप.

आता हा पाच किलो चारा पिळून बघितला तर त्यात बहुतेक पाणीच असतं. पाणी वगळून जे उरतं त्याला शुष्क पदार्थ म्हणतात, आपण त्याला कोरडा ऐवज म्हणू. जनावराचं पोट भरतं आणि अंगाला लागतं ते या ऐवजाने. याची खात्री घरी करता येते. तयार चारा १ किलो मोजा, बारीक तोडून पत्र्यावर कडक उन्हात वाळवा, पार कुरकुरीत झाला की परत मोजा. दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणजे पाच किलोचा ऐवज झाला साधारण पाऊण किलो. आणि आपण सुरुवात केली होती १ किलो मक्यापासून!

पाव किलो गेला कुठे? कोंब वाढतो तेव्हा तो श्वास घेतो, दाण्यातलं पीठ वापरतो. त्यात तो ऐवज खर्च होतो. सात दिवसांत कोवळं पान सूर्यप्रकाशात जे नवीन अन्न बनवतं ते फार थोडं असतं, त्यातून तूट भरून निघत नाही.

जाहिरातीत आणखी एक गोष्ट ठळक लिहिलेली असते, की प्रथिनं वाढतात. मक्याच्या दाण्यात ८-९ टक्के प्रथिनं असतात आणि चाऱ्यात, कोरड्या ऐवजाच्या हिशोबाने, १३-१४ टक्के भरतात. हे खरं आहे. पण पीठ खर्च झालं की उरलेल्यात प्रथिनांचा वाटा मोठा दिसणारच. दूध आटवलं की साय जास्त वाटते, म्हणून दूध वाढलेलं नसतं.

मग हा चारा कशासाठी?

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग मका सरळ भरडूनच घालावा की! ज्यांच्याकडे हिरवी वैरण आहे त्यांनी खरंच तसंच करावं. ज्यांच्याकडे हिरवं पानही नाही, त्यांच्यासाठी मात्र गोष्ट वेगळी आहे.

२०१८-१९ च्या दुष्काळात बीड, नगर, उस्मानाबाद भागात जनावरं चारा छावणीत न्यावी लागली होती, ते दिवस आपल्यापैकी अनेकींनी काढले आहेत. नुसत्या कोरड्या कडब्यावर महिनोन्‌महिने काढलेल्या जनावराला अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्याची नजर मंदावते, गाय वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहायला त्रास होतो. अशा वेळी रोज थोडा हिरवा चारा मिळाला तर ही तूट भरून निघायला मदत होते. चारा लुसलुशीत असल्यामुळे जनावर आवडीने खातं. कुट्टीत मिसळला की कडबाही मागे टाकत नाही. जमीन नसलेल्या, दोन शेळ्या किंवा एक गाय सांभाळणाऱ्या ताईला घराच्या पडवीत हिरवं उगवता येतं, हा फायदा लहान नाही.

म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा. हा चारा ताटातली कोशिंबीर आहे, भाकरी नाही. कोशिंबिरीने जेवणाला चव येते, अंगाला लागतंही, पण भाकरी बंद करून कोशिंबिरीवर घर चालत नाही.

ज्यांच्याकडे दोन-तीन गुंठे जागा आणि थोडं पाणी आहे त्यांनी आधी बांधावर नेपियर, दशरथ घास, शेवगा लावावा. पावसाळ्यात हिरवी वैरण जास्त असेल तर मुरघास करून ठेवावा. तो उन्हाळ्यात कामाला येतो आणि स्वस्तही पडतो.

घरगुती मांडणी

दोन गायी आणि दोन-तीन शेळ्या असलेल्या घरासाठी १६ ट्रेची मांडणी पुरते. १४ ट्रेमध्ये चारा वाढत असतो, रोज दोन ट्रे काढायचे आणि दोन नवे लावायचे. उरलेले दोन धुऊन उन्हात पडलेले असतात.

लागणारं सामान असं :

- बांबू किंवा जुन्या लाकडाचा मांडव. ६ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फळ्या. दोन फळ्यांत सव्वा फुटाचं अंतर. एका फळीवर ४ ट्रे. फळीला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही.
- २ फूट × दीड फूट × ३ इंच मापाचे १६ प्लॅस्टिकचे ट्रे. तळाला बारीक भोकं हवीतच.
- भोवतीने शेडनेट. गोठ्याच्या भिंतीला लागून, सावलीत आणि वारा खेळेल अशी जागा.
- पाण्याचा ड्रम, बादल्या, गोणपाट.
- पाणी फवारायची सोय. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

किमती मुद्दाम लिहिलेल्या नाहीत, कारण गावोगावचे भाव वेगळे. वहीत हीच यादी उतरवा, समोर आपल्या बाजारातला भाव लिहा आणि बेरीज करा. बांबू, जुन्या साड्या, ड्रम घरचे असतील तर तिथे शून्य लिहा. ही बेरीज जवळ ठेवा. पुढे यंत्राचा भाव कळल्यावर ती कामाला येईल.

दाणा कसा निवडायचा

चाऱ्याची निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

उन्हाळ्यात आणि उबदार दिवसांत मका चांगला. थंडीत गहू किंवा जव जोमाने येतात. ज्वारी मात्र अजिबात घ्यायची नाही. ज्वारीचं कोवळं किराळ खाऊन जनावर तडफडून मेल्याचं आपण ऐकलेलं असतं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य असतं आणि ट्रेमधला सात दिवसांचा कोंब कोवळाच असतो.

पेरणीसाठी दुकानातून आणलेलं, लाल-गुलाबी-हिरवा रंग लावलेलं बियाणं वापरू नका. तो रंग म्हणजे औषध लावल्याची खूण आहे. धुतलं तरी भरवसा नाही. खाण्याचा, स्वच्छ, टपोरा, या वर्षीचा मका घ्या. फुटलेला, किडलेला, कुबट वासाचा मका स्वस्त मिळाला तरी नको.

पोतं घेण्याआधी पावशेर मका आणून परीक्षा घ्या. १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं ओलं ठेवा, चौथ्या दिवशी उघडा. ८५ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर पोतं घ्या. ६०-७० च आले तर उरलेले ३०-४० दाणे ट्रेमध्ये कुजणार आणि बाकीच्यांनाही बुरशी लावणार.

रोजचा क्रम

१. दोन ट्रेसाठी ३ किलो मका घ्या. कचरा, फुटके दाणे निवडून टाका.

२. बादलीत पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ घाला आणि मका ढवळा. वर तरंगतील ते दाणे पोकळ, ते काढून टाका. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा.

३. स्वच्छ पाण्यात रात्रभर, म्हणजे १२ ते १६ तास भिजवा.

४. सकाळी पाणी निथळून ओल्या गोणपाटात बांधा, सावलीत ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. साधारण २४ तासांत पांढरी टोकं दिसतात.

५. मोड आलेला मका ट्रेमध्ये सारखा पसरा, एका ट्रेत दीड किलो कोरड्या मक्याचे मोड. ढीग करू नका. जाड थर झाला की आत गरम होतं आणि आंबूस वास सुटतो.

६. दिवसा दर दोन तासांनी फवारा द्या. दाणे ओले राहिले पाहिजेत, पण पाण्यात बुडलेले नकोत.

७. सातव्या दिवशी चारा वीतभर किंवा जास्त उंच होतो. त्या दिवशी किंवा फार तर आठव्या दिवशी खायला घाला. ‘अजून दोन दिवस ठेवलं तर आणखी वाढेल’ हा मोह टाळा. दाण्यातला साठा संपलेला असतो, मुळं कुजायला लागतात.

८. रिकामा ट्रे ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने घासा, साध्या पाण्याने धुवा, कडक उन्हात वाळवा.

कोणी ‘पोषक द्रावण’ किंवा ‘ग्रोथ पावडर’ विकायला आलं तर नम्रपणे नको म्हणा. महिनोन्‌महिने वाढणाऱ्या भाजीला पाण्यातून खत द्यावं लागतं. सात दिवसांच्या कोंबाला दाण्यातला साठा पुरतो.

दर दोन तासांचं पाणी : ही बेडी सोडवायची कशी?

सगळं वाचून झालं की ताई विचारतात, ‘दर दोन तासांनी पाणी कोण मारणार? मी खुरपायला जाऊ की ट्रेपाशी बसू?’ प्रश्न अगदी रास्त आहे. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ पर्यंत सात वेळा फवारा म्हणजे बाई घराला बांधली गेली. आणि एक दिवस चुकलं की वरचे दाणे सुकतात. म्हणून पाणी आपोआप सुटायची सोय महागड्या यंत्राइतकीच आपल्या घरगुती मांडणीलाही हवी. ती गावातल्या वायरमनकडून किंवा मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडून करून घेता येते.

लागतात चारच वस्तू : १२ व्होल्टचा छोटा पंप, १२ व्होल्टची बॅटरी, टायमर आणि फॉगर. पाठीवरच्या बॅटरी पंपात जो पंप आणि जी बॅटरी असते, तीच इथे चालते. पण ती नवीन असली पाहिजे. कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेला पंप, पाईप, टाकी, काहीही या कामाला वापरायचं नाही. कितीही धुतलं तरी नाही. ते विष चाऱ्यात जाईल आणि चाऱ्यातून दुधात.

टायमर घेताना एक गोष्ट बघा. भिंतीच्या प्लगला लावायचा, गोल चकती आणि भोवती खिट्या असलेला टायमर स्वस्त मिळतो. पण त्याची एक खिटी १५ मिनिटांची असते, त्यापेक्षा कमी वेळ लावता येत नाही. आपल्याला हवीत ३ मिनिटं. १५ मिनिटं फवारा चालला तर पाणीही वाया आणि ट्रेही चिखल. म्हणून दुकानदाराला सांगा, ‘१२ व्होल्टचा डिजिटल टायमर द्या, एका मिनिटापर्यंत सेट होणारा, दिवसातून सात-आठ वेळा चालू-बंद करणारा.’ घरी आणल्यावर ६, ८, १०, १२, २, ४, ६ अशा वेळा लावा, प्रत्येक वेळी ३ मिनिटं. कडक उन्हाळ्यात रात्री दहाची एक वेळ वाढवा.

फॉगर प्रत्येक फळीला मध्यभागी एक, असे चार. चार तोंडांचा फॉगर पुरेशा दाबाने चालला तर तासाला साधारण २८ लिटर पाणी सोडतो. चार फॉगर, ३ मिनिटं, म्हणजे साडेपाच लिटर. सात वेळा मिळून दिवसाला ४० लिटरच्या आत. रोज १५ किलो चारा निघतो, म्हणजे किलोला अडीच लिटरच्या आसपास पाणी. दोन-तीन हंडे पाण्यात दिवसाचं काम झालं. कडेच्या ट्रेला फवारा कमी पोचतो, म्हणून ट्रेच्या जागा रोज बदला.

‘पंप कशाला, टाकी उंच ठेवली की झालं’ असं काहींना वाटेल. फॉगरला धुकं करायला जोराचा दाब लागतो. ३०-३५ फूट उंचीवर टाकी ठेवली तेव्हा कुठे १ किलो दाब मिळतो, आणि फॉगरला त्याच्या दुप्पट-चौपट हवा असतो. गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलेल्या टाकीतून फॉगर नुसता ठिबकेल. वीज आणि बॅटरी दोन्ही नसेल तर झारीने हाताने पाणी देणं हाच मार्ग. मग ट्रे कमी ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका, म्हणजे ओल टिकते.

बॅटरीचा हिशोबही सोपा आहे. पंप दिवसात सात वेळा ३ मिनिटं, म्हणजे एकूण २१ मिनिटं चालतो. त्यामुळे ८ अँपिअर-तासाची बॅटरी एकदा भरली की दोन-तीन दिवस सहज काढते. भारनियमन असलं तरी काम अडत नाही. २० वॅटचं छोटं सोलर पॅनेल लावलं तर चार्जिंगची आठवणही ठेवायला नको.

आणखी तीन सूचना :

- पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावाच. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर फॉगरची तोंडं चोंदतात. आठवड्यातून एकदा काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा.
- १२ व्होल्टने झटका बसत नाही, पण चार्जर घरच्या विजेवर चालतो. चार्जर, टायमर, बॅटरी फवाऱ्यापासून लांब, कोरड्या पेटीत ठेवा. ओल्या हाताने हात लावू नका, लेकरांना लावू देऊ नका.
- टायमर लावला म्हणजे बघायचं सोडून द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ ट्रेपाशी एक फेरी मारायचीच.

खाली निथळलेलं पाणी पन्हाळीने बादलीत घ्या. ते परत ट्रेला देऊ नका, त्यातून बुरशी पसरते. परसबागेतल्या भाजीला द्या.

बुरशी : इथे दयामाया नाही

ओल, ऊब आणि कोंदट हवा एकत्र आली की बुरशी येते. पावसाळ्यात जास्त येते. आता एक फरक ओळखायला शिका. मोडाच्या टोकाशी, मुळावर बारीक पांढरी लव दिसते, ती मुळांचीच असते. पाणी मारलं की चिकटून बसते, वास येत नाही. पण दाण्यांवर कापसासारखी जाळी, काळे-हिरवे-निळसर ठिपके, कुबट वास, हात लावला तर बुळबुळीत लागणं, ही बुरशी.

बुरशी लागलेला ट्रे पूर्णच्या पूर्ण खड्ड्यात टाका. ‘वरचं काढून खालचं घालू’ असं करू नका. मक्यावरच्या काही बुरशी विष तयार करतात. गाभण जनावराला त्याचा धोका असतो, आणि त्या विषाचा अंश दुधात उतरतो. ते दूध आपलीच लेकरं पितात. एका ट्रेतला दीड किलो मका गेला तर गेला.

पारा ४० च्या वर गेला की मका वाढण्याऐवजी आंबतो. तेव्हा शेडनेटवर ओलं गोणपाट सोडा. तरी जमत नसेल तर ट्रे कमी करा. संततधारेच्या दिवसांत काम थांबवलं तरी बिघडत नाही. तेव्हा बांधाला हिरवं गवत असतंच.

जनावराला देताना

पहिल्या दिवशी १ किलोच द्या, आठवडाभरात हळूहळू वाढवा. एकदम दिलं तर शेण पातळ होतं. मोठ्या गायीला ५-६ किलो पुरे, फार तर ८-१०. शेळीला अर्धा ते १ किलो. गालिचा हाताने तोडून कडब्याच्या कुट्टीत मिसळा, नाहीतर शेळ्या ओढाओढीत निम्मा पायाखाली तुडवतात. कडबा, भुसा कमी करू नका. रवंथ नीट व्हायला कोरडी वैरण लागतेच.

कपात करायचीच असेल तर मक्याच्या भरड्यात करा. सरकी पेंड एकदम बंद करू नका, तिच्यातली प्रथिनं या चाऱ्यातून भरून निघत नाहीत. काही शंका आली तर पशुसखीला किंवा जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा.

आता पैशाचं

भाव धरू या, तुम्ही आपले भाव घाला. मका २५ रुपये किलो, भरडा ३० रुपये किलो, दूध ३० रुपये लिटर.

रोज ३ किलो मका म्हणजे ७५ रुपये. १५ किलो चारा निघाला. दोन गायींना ६-६ किलो, तीन शेळ्यांना १-१ किलो.

भरडा काहीच कमी केला नाही, तर ७५ रुपये भरून काढायला दोन गायींचं मिळून रोज अडीच लिटर दूध वाढायला हवं. गावच्या गायीला हे अवघड आहे.

प्रत्येक गायीचा १ किलो भरडा कमी केला, तर ६० रुपये वाचतात. राहिले १५ रुपये. म्हणजे अर्धा लिटर दूध वाढलं तरी बरोबरी झाली. पण आपल्या रोजच्या तासाभराच्या कष्टाची मजुरी यात धरलेली नाही. ती धरा. बाईचे कष्ट हिशोबात नसले की प्रत्येक धंदा फायद्याचा दिसतो.

आता यात यंत्राच्या कर्जाचा हप्ता मिळवून बघा. महिन्याला दीड हजार हप्ता म्हणजे रोज ५० रुपये. ते कुठून येणार? बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. घरगुती मांडणीला हप्ता नसतो, म्हणून ती तग धरते.

कर्जाआधी २१ दिवस

म्हणून गटाने आपलाच एक नियम करावा : या कामासाठी कर्ज मागणाऱ्या ताईने आधी चार ट्रेवर २१ दिवस काम करून वही दाखवावी. वहीत रोज पाच रकाने : किती मका घातला, किती चारा निघाला, किती ट्रे फेकले, दूध किती मोजलं, किती वेळ गेला. चाऱ्याआधीच्या सात दिवसांचं दूधही लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? चार ट्रेला टायमरही लागत नाही, झारी पुरते.

२१ दिवसांनी वही बैठकीत मधोमध ठेवा. चाऱ्याचं वजन मक्याच्या चौपटीहून कमी असेल किंवा दर आठवड्याला एखादा ट्रे फेकावा लागत असेल तर यंत्र घेऊनही हीच गत होईल. आधी दाणा आणि स्वच्छता सुधारा. वही चांगली असेल तर १६ ट्रेची घरगुती मांडणी करा आणि त्यापुरतंच कर्ज घ्या.

तरीही कोणी यंत्र विकायला आलंच, तर गटाने मिळून हे पाच प्रश्न विचारावेत :

१. किलोला किती चारा म्हणता, तो पाणी निथळून मोजलेला का? आमच्या मक्यावर, आमच्यासमोर करून दाखवाल का?

२. त्यातला कोरडा ऐवज किती?

३. दिवसाला वीज किती युनिट लागते? वीज गेली तर काय?

४. बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येणार, किती दिवसांत? लेखी द्याल का?

५. दोन वर्षं हे यंत्र वापरणाऱ्या तीन बायकांची गाठ घालून द्याल का?

पाचव्या प्रश्नाला बरेच जण चहा संपवून उठतात.

हा चारा खोटा नाही. जमीन नसलेल्या ताईच्या शेळीला चैत्र-वैशाखात हिरवं पान देण्याची ताकद त्याच्यात आहे. पण ती कोशिंबिरीइतकीच आहे, हे मान्य करून केलं तर तो घराला उपयोगी पडतो. येत्या बैठकीला येताना १०० दाण्यांचं ओलं फडकं घेऊन या. कोणाच्या मक्याला किती मोड आले ते सगळ्यांसमोर मोजू आणि कुठल्या दुकानातला मका घ्यायचा ते ठरवू.